खोट्या आकाशाची तपासणी

माझे वडील वजनमाप खात्यात निरीक्षक होते. वर्धा जिल्ह्यातल्या बाजाराच्या गावांतून फिरायचं, दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर निघाली तर त्यांवर शिक्का ठोकायचा आणि नसली तर जुना शिक्का खोडायचा, अशी त्यांची नोकरी. लोक त्यांना काटेवाले साहेब म्हणत. खात्याची प्रमाण वजनं एका लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली असत आणि त्या पेटीला हात लावायची आम्हा भावंडांना सक्त मनाई होती. हाताच्या घामानं वजन बिघडतं, असं बाबा सांगत. आम्हाला वाटे, हा बाबांचा उगाचचा कडकपणा.

‘खोटं’ हा शब्द आमच्या घरात बोलण्यापेक्षा वजनाबद्दल जास्त वापरला जाई. खोटं बोललं तर धपाटा मिळे, पण खोटं वजन म्हणजे थेट पंचनामा आणि खटला. त्यामुळे पुढे पुण्यात माझ्या कामाचं वर्णन करताना मी नेमका हाच शब्द वापरला, तेव्हा काय होणार हे मला आधी कळायला हवं होतं. कळलं नाही. मी तेव्हा विश्वाच्या उत्पत्तीवर पीएच.डी. करत होते आणि आपल्याला बरंच काही कळतं असा माझा समज होता.

विश्रांतवाडीला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, वरच्या खोलीत मी आणि यवतमाळची एक मुलगी भाड्यानं राहत होतो. ती हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला न्यायला कंपनीची गाडी येई. मी मात्र बस बदलत माझ्या संशोधन संस्थेत पोचत असे आणि बसमध्ये उभी राहून, बी.एस्सी.ला आपल्याला हिच्यापेक्षा जास्त मार्क होते, हे मनात घोकत असे. ते दिवसच तसे होते. ज्याला संगणकासमोर बसता येत होतं त्याला कोणी ना कोणी बोलावत होतं. घरमालकीण काकू सगळ्यांशी ‘आपण’ लावून बोलत आणि त्या ‘आपण’नंच माणूस अर्धा गार होई. पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, “आपण नेमकं काय शोधता? सापडलं की कळवा, म्हणजे करार किती वर्षांचा करायचा ते ठरवता येईल.”

मी काय शोधत होते ते सांगायला फार कठीण नाही. विश्व अगदी लहान आणि तापलेलं होतं तेव्हाचा प्रकाश अजूनही सगळ्या बाजूंनी आपल्याकडे येतो आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, सूक्ष्मलहरींच्या रूपात येतो. आकाशात कुठेही पाहा, त्याचं तापमान जवळजवळ सारखंच. पण अगदी सारखं नाही. इकडे लाखातला एखादा भाग जास्त, तिकडे तेवढाच कमी. या गरम-गार ठिपक्यांचा नकाशा काढला तर ठिपक्यांच्या आकारांवरून विश्वात द्रव्य किती, ते किती वेगानं पसरतंय, असे सहा आकडे काढता येतात. परदेशातल्या एका उपग्रहानं हा नकाशा बनवून सगळ्या जगाला खुला केला होता. त्यातून ते सहा आकडे काढायची एक नवी पद्धत आम्ही लिहीत होतो. आम्ही म्हणजे माझे मार्गदर्शक सर आणि मी, म्हणजे बहुतेक मीच.

अडचण अशी की आकाश एकच आहे, आणि त्याचं बरोबर उत्तर कोणालाच माहीत नाही. मग आपली पद्धत बरोबर आहे हे कसं ओळखायचं? त्यासाठी आधी संगणकावर एक आकाश बनवायचं. सहा आकडे आपणच ठरवायचे, त्यांतून ठिपके पाडायचे, वर दुर्बिणीचा धूसरपणा आणि यंत्राची खरखर मिसळायची, आणि मग आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्यानं स्वतःच्या प्रोग्रॅमला विचारायचं, सांग बघू, आकडे किती? घातलेले आकडे परत आले तर प्रोग्रॅम भरवशाचा. त्यानंतरच त्याला खऱ्या आकाशाला हात लावू द्यायचा.

संस्थेत आम्ही दोन-तीन मराठी मुलं अशा बनवलेल्या नकाशाला सरळ खोटा नकाशा म्हणत असू. खोटं आकाश, खोटा डेटा. उपग्रहाचा तो खरा. संगणकावरच्या फाइलींना मी नावंही तीच दिली होती, फक्त रोमन लिपीत: खोटा एक, खोटा दोन, खोटा तीन. माझी यवतमाळची मैत्रीण म्हणायची, “अगं, डमी डेटा म्हण ना. आमच्याकडे रोज करतात. खोटा काय, ऐकायला कसं वाटतं.” मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दर रविवारी सकाळी दहा वाजता मी कोपऱ्यावरच्या बूथवरून घरी फोन करत असे. बाबांनी एकदा विचारलं, “लोकं विचारतात, पोरगी पुण्यात काय करून राहिली? काय सांगू?”

मी मोठ्या उत्साहात सांगितलं, “सांगा, खोटं आकाश बनवते.”



“सरकारी शिष्यवृत्तीवर?” बाबांनी विचारलं.

“बाबा, तसं खोटं नाही हो.”

“खोट्यात असं-तसं नसते.”

मला राग आला. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि मी फोन ठेवला. रागाचं कारण हे की माणूस जन्मभर वजनं तपासत आला, आणि त्याला एवढी साधी गोष्ट कळू नये. माझ्या हे लक्षात आलं नाही की मी ‘तपासायला प्रमाण वजन बनवते’ असं म्हटलं असतं तर त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं असतं. त्यानंतर गावात कोणी विचारलं की बाबा एवढंच सांगत, “शिकून राहिली अजून.” हे मला आईकडून कळलं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आमची पद्धत तयार झाली. प्रोग्रॅम अंदाजानं सहा आकडे धरी, नकाशाशी ताडून पाही, मग जरा सरकून पुन्हा ताडून पाही, असं हजारो वेळा. संस्थेच्या संगणकावर एका नकाशाला चार दिवस लागत आणि त्याआधी रांगेत नंबर लावावा लागे. मी खोट्या नकाशावर चाचणी लावली. चार दिवसांनी घातलेले आकडे जवळजवळ जसेच्या तसे परत आले. मी आलेख काढून सरांच्या टेबलावर ठेवला. सर पक्के पुणेरी. त्यांनी चष्मा वर केला, आलेख पाहिला आणि म्हणाले, “इतकं बरोबर आलंय म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय.” मी हसले. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक त्याआधी कोणाचं झालेलं नव्हतं.

मग खरा नकाशा लावला. त्याचेही आकडे आले, सुंदर आले. दीड महिन्यात शोधनिबंध लिहून झाला. पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: ही पद्धत आम्ही बनवलेल्या नकाशांवर तपासली असून ती घातलेली मूल्यं अचूक परत देते. निबंध सोमवारी पाठवायचा ठरला. घाई होती, कारण परदेशातला एक गट त्याच प्रश्नावर काम करत होता आणि त्यांचं होत आलंय असं कानावर येत होतं.

मला स्वतःचीही घाई होती. मैत्रिणीनं तिच्या कंपनीत माझं नाव दिलं होतं, मुलाखत झाली होती, पत्र हातात होतं. पुढच्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं. निबंध गेला की त्याचंच शेवटचं प्रकरण करून प्रबंध द्यायचा आणि थेट हडपसर. बाबा त्या वर्षी निवृत्त होत होते, भाऊ अजून कॉलेजात होता. घरी मी पत्राबद्दल सांगितलं तेव्हा आई रडली होती आणि बाबा म्हणाले होते, “चांगलं झालं.” बाबांच्या तोंडून तेवढंच पुष्कळ.

गुरुवारी दुपारी मी निबंधाच्या शेवटी जोडायचा तक्ता करत बसले होते. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम एक आकडा नोंदवून ठेवतो, की सगळ्यात चांगला अंदाज नकाशाशी किती जुळला. तो आकडा निबंधात जात नाही, त्यामुळे मी तो कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी सहज पाहिला. खोट्या नकाशाच्या चाचणीचा आणि खऱ्या नकाशाचा, दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत एकच होते.

दोन वेगळ्या आकाशांचं असं होऊ शकत नाही. मी नोंदीची फाइल वरपासून वाचायला घेतली. तिच्यात प्रोग्रॅमनं कोणता नकाशा वाचला त्याचं नाव असतं. खोट्या नकाशाच्या चाचणीत नाव होतं, ‘खरा’.

कसं झालं हे कळायला पाच मिनिटं लागली. चाचणीचा तुकडा मी पहिल्या वर्षी लिहिला होता. तेव्हा डिस्कवर फक्त खोटेच नकाशे होते, म्हणून मी आळसानं लिहिलं होतं: ज्याचं नाव ‘ख’नं, म्हणजे रोमनमध्ये के-एचनं, सुरू होतं असा यादीतला पहिला नकाशा उचल. पुढे उपग्रहाचा नकाशा आला आणि मी त्याच कप्प्यात ‘खरा’ नावानं ठेवला. खरा आणि खोटा, दोघांचीही सुरुवात के-एचनंच. आणि पुढचं अक्षर पाहिलं तर ए हा ओच्या आधी येतो. मराठी बाराखडीनं लावलं असतं तरी ‘ख’ हा ‘खो’च्या आधीच. यादीत पहिला नेहमी खराच. इंग्रजी नावं दिली असती तर ही चूक झालीच नसती.

म्हणजे चाचणी झालीच नव्हती. मी दोनदा खरंच आकाश तपासलं होतं. खोट्या नकाशात मी आकडे घातले होते ते जगात सगळे मानतात तेच, त्यामुळे खऱ्या आकाशाचं उत्तर त्यांच्या जवळ आलं आणि मला वाटलं, घातलेलं परत मिळालं. दोन्ही वेळचे सहा आकडे सारखेच दिसले, तेही त्यामुळेच कोणाला खटकलं नाही. सरांचा तो टोमणा शब्दशः खरा होता, आणि मी त्यावर हसले होते.

मी लगेच चाचणी नव्यानं लावली, या वेळी नकाशाचं पूर्ण नाव लिहून. रांग मोठी होती. उत्तर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या आत येणार नव्हतं आणि निबंध सोमवारी जायचा होता.

पुढचे तीन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. माझं गणित सोपं होतं. चाचणी पास होणार याची मला जवळजवळ खात्री होती. खऱ्या आकाशाचं उत्तर चांगलं आलंय म्हणजे पद्धतीत फारसं काही बिघडलेलं नसणार. सोमवारी निबंध जाऊ द्यायचा, शुक्रवारी चाचणी पास होईल, मग निबंधातलं ते वाक्यही आपोआप खरं होईल. चार-पाच दिवस आधी लिहिलं, इतकंच. कोणाचं काय बिघडलं? सांगितलं तर मात्र निबंध थांबणार, प्रबंध थांबणार, नोकरी जाणार. शनिवारी मैत्रिणीबरोबर मी ऑफिसात घालायला दोन सलवार-कुर्ते घेऊन आले. ती म्हणाली, “तुझा चेहरा असा का, रिजेक्ट झाल्यासारखा?” मी म्हटलं, ऊन लागलं.

रविवारी दहा वाजता घरी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, “बाबा, तुम्ही कधी न तपासता शिक्का मारला आहे का?”

मला वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत.

“एकदा,” ते म्हणाले. “आर्वीकडचा एक धान्यवाला होता. सज्जन माणूस. बारा वर्षं त्याची वजनं बरोबर निघत. शेवटची बस सुटत होती, मी तीन वजनं पाहिली आन बाकीच्यावर तसाच शिक्का ठोकला.”

“मग?”

“मग काय. बस अर्ध्या रस्त्यात गेली आन मी उतरलो. परत गेलो. तो म्हणे, साहेब, काय विसरलं? मी म्हटलं, विसरलं काही नाही, वजनं काढ.”

“आणि? खोटी निघाली?”

“नाही ना. सगळी बरोबर.”

मला एकदम हायसं वाटलं. मी म्हटलं, “मग उगाचच उतरलात की.”

“काहून उगाच? बरोबर निघाली हे त्याचं झालं. शिक्का मारला तेव्हा मले कुठं माहीत होतं?” मग त्यांनी विचारलं, “तू काहून विचारून राहिली?”

मी सगळं सांगितलं. प्रमाण वजन म्हणूनच सांगितलं, खोटं हा शब्द तोंडातून काढला नाही. तपासायला मी एक वजन बनवलं होतं, पण काट्यावर ते ठेवलंच नाही, आणि काटा बरोबर आहे असं लिहून दिलं. बाबांना एका दमात कळलं. त्यांनी सल्ला दिला नाही. एवढंच म्हणाले, “बस अजून अर्ध्या रस्त्यातच आहे न?” आणि आईला फोन दिला.

बूथमधून घरी येताना मला बाबांचा फार राग आला. त्यांना काय जातंय सांगायला, त्यांची नोकरी पेन्शनसकट पक्की. आमच्या वेळी अर्ध्या रस्त्यात उतरलं की पुढची बस नसते, असं काहीबाही मी मनात त्यांना सुनावत होते. दुपारी जेवले नाही. भीती वाटत होती, ती नोकरी जाण्याची कमी आणि सरांसमोर उभं राहण्याची जास्त.

सोमवारी सकाळी सर यायच्या आधीच मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ते कुलूप काढत असतानाच सांगून टाकलं, कारण आत गेल्यावर धीर झाला नसता. दोन नोंदी पुढे ठेवल्या. सरांनी त्या वाचल्या, ‘खरा’ या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही चहाच्या आधी सांगायची गोष्ट आहे का?”



“चाचणीचं उत्तर कधी?”

“शुक्रवारी.”

“पास होईल?”

“होईल असं वाटतं.”

“वाटतं. छान.” त्यांनी निबंधाची प्रत उघडली, पहिल्या परिच्छेदातल्या त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि प्रत माझ्याकडे सरकवली. “एक तर हे वाक्य खोडा, नाही तर खरं करा. खोडलं तर निबंधात उरतं काय ते मला सांगा.”

त्यांनी शाबासकी दिली नाही आणि पुढचा आठवडाभर कामापुरतंही बोलले नाहीत. दीड महिना आलेख पाहूनही आपल्या लक्षात आलं नाही, याचा राग त्यांना जास्त आला होता असं मला नंतर वाटलं. तेव्हा तो सगळा माझ्यावरच आहे असंच मी धरलं होतं.

शुक्रवारी चाचणीचं उत्तर आलं. नापास. द्रव्याचं प्रमाण मी घातलं होतं त्यापेक्षा जास्त आलं होतं, चुकीला धरलेली सगळी सवलत देऊनही जास्त. मी खुर्चीत बसून राहिले. सोमवारी निबंध पाठवला असता तर मी जगाला चुकीचा काटा विकला असता, आणि वर माझा शिक्का. ही पाठ थोपटून घ्यायची गोष्ट नव्हती, कारण सांगताना मलाही वाटत होतं की पास होईल. 

आता प्रश्न असा की चूक काट्यात की वजनात? पद्धत बिघडलेली, की खोटा नकाशा बनवतानाच मी काही घोळ घातलेला? दोन आठवडे मी यातच गोल गोल फिरले. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, त्यांची स्वतःची प्रमाण वजनंसुद्धा ठरल्या मुदतीनं वरच्या कचेरीत जातात आणि तिथल्या वजनांशी ताडून येतात. “तुझं वजन तूच बनवलं, तूच तपासून राहिली. दुसऱ्याचं वजन आण ना.” मी हे सरांना सांगितलं, कोणी सुचवलं तेही सांगितलं.  सोमवारी त्यांनी मला एक फाइल दिली. शनिवार-रविवार घरी बसून त्यांनी स्वतः, माझ्या प्रोग्रॅमची एकही ओळ न वापरता, एक आकाश बनवलं होतं. आकडे कुठले घातले ते त्यांनी कागदावर लिहून खिशात ठेवले. फाइलीचं नाव होतं ‘वरची कचेरी’.

माझ्या पद्धतीनं त्याचंही द्रव्य जास्तच दाखवलं. म्हणजे वजन ठीक होतं, काटाच खोटा होता. त्यानंतर चूक सापडायला सात आठवडे लागले आणि दुरुस्तीला दोन ओळी. संगणकावरचा नकाशा छोट्या-छोट्या चौकटींचा असतो आणि चौकटींमुळे बारीक ठिपके जरा पुसट होतात. तो पुसटपणा मी हिशोबात धरलाच नव्हता. दुरुस्ती केल्यावर मी पन्नास खोटी आकाशं बनवली आणि एका वेळी दहा-दहा लावून पन्नासही तपासली. मग खरं आकाश. त्याचे आकडे आधीच्यापेक्षा सरकले होते, थोडेच, पण सरकले होते. द्रव्य सगळे मानतात त्याहून जरा कमी निघालं; आधी माझ्या चुकीनंच ते मानलेल्या आकड्याजवळ आणून ठेवलं होतं.

एव्हाना परदेशातल्या गटाचा निबंध येऊन तीन आठवडे झाले होते. त्यांचे आणि आमचे नवे आकडे जुळत होते. जुळले याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. आमचा निबंध दुसरा म्हणून छापून आला आणि दुसऱ्या निबंधाचं जे होतं तेच त्याचं झालं. कंपनीनं माझी एक तारीख एकदा पुढे ढकलली, दुसऱ्यांदा ढकलली नाही. ते सलवार-कुर्ते मी संस्थेत वापरून संपवले. प्रबंध द्यायला आठ महिने उशीर झाला. शेवटचे दोन महिने शिष्यवृत्ती नव्हती आणि काकूंनी त्या काळात भाड्याचा विषय काढला नाही. फक्त एकदा म्हणाल्या, “विश्व घाईत नसेल, पण आपण थोडी करा.”

प्रबंधाच्या शेवटी मी पहिल्या दोन चाचण्यांचा तक्ता जोडला, जी झालीच नव्हती तिचा आणि जी नापास झाली तिचाही. सर म्हणाले, याची गरज नाही. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी राहू दिला.

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा झाली तोवर मी मैत्रिणीच्याच कंपनीत लागले होते, सॉफ्टवेअर तपासणाऱ्या विभागात. तिथे मी दिवसभर खोटी गिऱ्हाईकं बनवत असे, खोट्या नावांची, खोट्या पत्त्यांची, आणि प्रोग्रॅम त्यांना नीट वागवतो का ते पाहत असे. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं की खगोलशास्त्र शिकून इथे कशाला. मी के-एचची गोष्ट सांगितली होती. पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

परीक्षेला बाबा आले. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातातली पिशवी मांडीवर धरून दोन तास बसले. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यांना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. एका परीक्षकांनी किती नकाशांवर तपासलं असं विचारलं आणि मी पन्नास म्हणाले, तेव्हा त्यांनी मान वर केलेली मला दिसली.

नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. “पन्नासच्या पन्नास पाहिले?”

“हो.”

“नाव पाहून?”

“नाही. आत उघडून.”

त्यांनी बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

संध्याकाळी मी त्यांना विश्रांतवाडीला घेऊन आले. काकूंनी स्वतःहून पोहे केले, हे त्या घरात मी पहिल्यांदाच पाहत होते. बाबांच्या पुढे बशी ठेवत त्या म्हणाल्या, “अहो, आता आपणच सांगा. आपली मुलगी नेमकं काय करते, आपल्याला तरी कळतं का? मला चार वर्षांत कळलं नाही.”

मी घाईनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बाबांनी हातानंच मला थांबवलं.

“कळते न,” ते म्हणाले. “माझ्याच खात्यात आहे.”